तारेने बांधलेले दात

भूकंपात माझा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, तेव्हा मी बारावीला होते. लातूरला खोली करून राहायचे. सकाळी कॉलेज, दुपारपासून क्लास, संध्याकाळी पुन्हा क्लास. गणपतीची सुट्टी मिळाली म्हणून दोन दिवसांसाठी गावी आले होते. आमचं गाव औशाच्या पलीकडं. घर दगडमातीचं, वर मातीचं जड छत, माळवद. दिवेलागणीलाच जेवून मी आईशेजारी झोपले, इतकी दमले होते. पहाटे घर अंगावर आलं.

त्या पहाटेचं मला फार आठवत नाही. तोंडात माती होती, एवढं नक्की आठवतं. थुंकायला गेले तर जबडा ऐकेना. खालचे दात वरच्या दातांवर बसेनात, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. आईचा हात माझ्या पोटावर होता. तो मी हलवला, पुन्हा हलवला. त्यावरून मला कळलं. नंतर कितीतरी लोक दबकत दबकत मला ते सांगायला आले, पण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हातांनी उकरून बाहेर काढलं. ते आमच्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. लातूरचा दवाखाना माणसांनी भरून ओसंडत होता, म्हणून तिथून आम्हाला जीपमध्ये घालून नांदेडला पाठवलं. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता अण्णांनी दोन्ही तळव्यांनी माझी हनुवटी खालून धरली होती. गाडी आदळली की मी नाकातून ओरडायचे.

नांदेडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझे वरचे आणि खालचे दात बारीक तारेनं एकमेकांना बांधून टाकले. प्रत्येक दाताभोवती तार, हिरडीला लागून एक पट्टी, आणि मग वरचं आणि खालचं मिळून एकच. "हाड जुळायला सहा आठवडे लागतात," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडणारच नाही."

उजवीकडचा एक दात पडला होता. त्या फटीतून नळी आत जायची. पेज, दूध, वरणाचं पाणी, जे काही असेल ते तिथूनच. बोलायचं असेल तर पाटी. दात बंद ठेवूनही घशातून थोडंफार बोलता येतं, हे मला पुढं कळलं. पण तो आवाज गोठ्यातल्या जनावरासारखा वाटायचा. मी पाटीच धरली.

डॉक्टरीणबाईंनी अण्णांना बाजूला घेऊन एक छोटी पकड दिली. मला उलटी झाली किंवा श्वास अडकला तर ताबडतोब समोरच्या चार तारा कापायच्या, कारण तोंडातलं बाहेर यायला वाट नाही. कुठल्या चार, ते त्यांनी बोट लावून दाखवलं. अण्णांनी ती पकड सुतळीत ओवून गळ्यात घातली. पांढरा सदरा, धोतर आणि छातीवर लोंबणारी पकड. वॉर्डात येणारे-जाणारे वळून बघायचे.

"आणि दुसरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड स्वच्छ ठेवायचं. हे औषधापेक्षा मोठं आहे, मास्तर. दातावर रोज एक पातळ थर बसतो. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. आपण घासतो, चावतो, चुळा भरतो, म्हणून तो निघतो. हिचं सगळंच बंद आहे. त्यात तारा, त्यात अडकणारी पेज. तो थर मऊ आहे तोवर ब्रशनं निघतो. दोन-चार दिवस राहिला तर चुन्यासारखा धरतो आणि खाली हिरडी सडायला लागते. मोडलेलं हाड तिथंच आहे. घाण हाडात गेली की संपलं."

"किती वेळा करायचं?"

"ती जितक्या वेळा काही पिईल, तितक्या वेळा."

अण्णांनी ते शाळेच्या डायरीत लिहून घेतलं. त्यांनी आयुष्यात कधी माझी वेणी घातली नव्हती. मी तापात असले तरी कपाळाला हात आईच लावायची. गावातली सगळी पोरं त्यांना भ्यायची, त्यात मीही होते. आता ते दिवसातून सहा वेळा माझ्या पलंगावर बसायचे. पिचकारीत कोमट मिठाचं पाणी भरायचे, माझा गाल दोन बोटांनी ओढून धरायचे आणि पाणी दातांच्या बाजूनं आत सोडायचे. मी पुढं वाकून बसायचे. पाणी ओठांतून ट्रेमध्ये पडायचं, आधी लाल, मग गुलाबी, मग पेजेचे पांढरे कण घेऊन. त्यानंतर लहान मुलांचा ब्रश. तो ते हिरडीच्या कडेला टेकवून अगदी हळू फिरवायचे, एकेका दातावर, जणू माझा हात धरून अक्षर गिरवून घेत होते. तारेचं टोक गालाला टोचलं तर मेणाची गोळी लावायची. ती त्यांच्या जाड बोटांना चिकटायची आणि माझ्या गालात जायची नाही. तरी ते वैतागायचे नाहीत. "जरा थांब बाई, जरा थांब," एवढंच म्हणायचे.

मला ते सहन व्हायचं नाही. तोंड म्हणजे माणसाची किती खाजगी जागा असते! तिच्यात कुणाची बोटं. आणि मान वळवून जायचं तरी कुठं? वॉर्डात दोन पलंगांमध्ये एक माणूस बसेल एवढीच जागा होती. तिथं अण्णा बसत आणि तिथंच झोपत. रडायला तोंड उघडावं लागतं, हे मला तिथं कळलं. तोंड बंद ठेवून रडलं की नाक भरतं, आणि नाक भरलं की श्वास कोंडतो. म्हणून मी आईसाठी रडलेसुद्धा नाही.

दहाव्या-अकराव्या दिवशी गावाकडचे एक लांबचे पाहुणे भेटायला आले. केळी घेऊन आले होते. माझ्याकडं बघितलं आणि ती पिशवीत परत ठेवली. मग अण्णांना म्हणाले, "मास्तर, तुम्ही कसे वाचलात म्हणावं?"

"मी बाहेर होतो," अण्णा म्हणाले. "अंगणात बाजेवर झोपलो होतो."

मला हे माहीत नव्हतं. ते आमच्याच बाजूच्या खोलीत असतील आणि नशिबानं सुटले असतील, असं मी धरून चालले होते. आता डोळ्यांसमोर बाज दिसायला लागली. अंगणातली, मोकळ्या आभाळाखालची. आणि आत आम्ही दोघी. ते एकटेच बाहेर का झोपले? आम्हाला का नाही बोलावलं?

पाहुणे गेल्यावर मी पाटी घेतली. "तुम्ही बाहेर का झोपला होता?" असं लिहिलं. अण्णा कोपऱ्यातल्या नळावर पिचकारी धूत होते. मी पाटीवरच्या माझ्या अक्षराकडं बघितलं. ते वळण त्यांनीच शिकवलेलं होतं, माझ्या पहिलीच्या वर्षी, हात धरून. अण्णा मागं वळायच्या आत मी पाटी तळव्यानं पुसून टाकली.

ते ट्रे घेऊन आले तेव्हा मी मान हलवली.

"काय झालं? दुखतंय?"

मी भिंतीकडं तोंड केलं.

त्या दिवसापासून मी त्यांना तोंडाला हात लावू दिला नाही. वॉर्डातल्या आया बाईंनी प्रयत्न केला. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. "बेटा, असं जिद करून कसं चालंल? घान राहिली तर तुलाच भोगावं लागंल ना," असं म्हणत त्या तासभर उशाशी बसल्या. मी त्यांनाही हात लावू दिला नाही. पेज तेवढी प्यायचे, पोटाला हवी म्हणून. अण्णांनी जबरदस्ती केली नाही. वर्गात एका नजरेत पन्नास पोरं गप्प करणारा माणूस ब्रश हातात धरून नुसता बसायचा आणि मग तो ब्रश धुऊन पेल्यात ठेवायचा.

पहिल्या दिवशी जिभेला दातांवर काहीतरी बुळबुळीत लागलं. दुसऱ्या दिवशी ते जाड झालं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच श्वासाचा वास मला सहन होईना, आणि नाकापासून तोंड लांब नेण्याची सोय देवानं ठेवलेली नाही. चौथ्या दिवशी हिरड्या सुजून पट्टीच्या वर आल्या. नळी लागली तरी रक्त यायचं. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं पदर नाकाला लावून कूस बदलली.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. त्यांनी माझा ओठ वर केला. एक बारीक सळई घेऊन दाताच्या कडेवरून ओढली आणि तिचं टोक माझ्या डोळ्यांसमोर धरलं. टोकावर पिवळट पांढरं लोण्यासारखं काही होतं.

"हे बघ. चार दिवसांचं आहे. हे अन्न नाही. यात जंतू राहतात, खातात, वाढतात. हिरडीतून असं रक्त येतंय ते यांच्यामुळं." मग अण्णांकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला सांगितलं होतं ना मी?"

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. याचा मला जास्तच राग आला.

डॉक्टरीणबाई थोडा वेळ आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे. मग त्या माझ्या पलंगावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जंतू हाडापर्यंत गेले तर मला हे सगळं सोडावं लागेल. साफ करून पुन्हा बांधावं लागेल. पहिल्या दिवसापासून पुन्हा सहा आठवडे. तुला अजून किती दिवस असं अडकून राहायचंय?"

मी पाटीवर लिहिलं, "मी स्वतः करीन."

"शहाणी आहेस. मग आरसा बघावा लागेल."

त्यांनी पर्समधला छोटा आरसा काढून दिला. भूकंपानंतर मी पहिल्यांदाच स्वतःला बघितलं. चेहरा एका बाजूला भोपळ्यासारखा, ओठ फाटलेले, आणि ओठ मागं केले की लोखंडी कुंपण. कुंपणाच्या प्रत्येक खांबापाशी पिवळी घाण. डॉक्टरीणबाईंनी मला तसं बघत बसू दिलं नाही. ब्रश हातात दिला आणि माझा हात धरला.

"आडवा जोरानं घासायचा नाही. ब्रश असा तिरपा धर. केसांची टोकं हिरडी आणि दात मिळतात त्या रेघेवर. थर तिथंच लपतो. आता बारीक हलव, जागच्या जागी. दहा वेळा. मग पुढचा दात. वरची रांग, मग खालची. मग तारेच्या वर, मग तारेच्या खाली. घाई करायची नाही. रक्त येईल, भिऊ नकोस. घासलं म्हणून येत नाही ते, घासलं नव्हतं म्हणून येतंय. आठ दिवसांत थांबेल."

ते खरं ठरलं. सहा-सात दिवसांत रक्त थांबलं. पण आतली बाजू, जिभेकडची, तिथं ब्रश पोचायला वाट नव्हती. तिथं नुसतं मिठाचं पाणी आणि जीभ. "तिकडचं आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या.

माझा आणि अण्णांचा एक न बोललेला करार झाला. ब्रश माझ्या हातात. आरसा आणि बॅटरी त्यांच्या हातात. त्यांनी उजेड बरोबर दातावर पाडायचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडं मी बघायचं नाही. दिवसातून सहा वेळा.

तीन आठवड्यांनी सुट्टी मिळाली. गावी घर नव्हतं. पत्र्याची शेडं उभी राहायची होती. बारावीचं वर्ष, म्हणून अण्णांनी रजा टाकली आणि मला घेऊन लातूरला आले. माझ्या खोलीतल्या दोन्ही मैत्रिणींना त्यांच्या घरच्यांनी भीतीनं परत नेलं होतं. त्या दहा बाय दहाच्या खोलीत आता आम्ही दोघं राहायला लागलो. एका भिंतीला माझी पुस्तकं, दुसऱ्या भिंतीला त्यांचं अंथरूण. लातुरात त्या वेळी क्लासचा जोर चढायला लागला होता. गल्लीगल्लीत पाट्या, सायकलींचे ढीग, मुलामुलींच्या झुंडी. भूकंपानं आठ दिवस सगळं थांबलं आणि मग दुप्पट वेगानं सुरू झालं. बुडालेला भाग भरून काढायचा म्हणून दिवाळीतही सुट्टी नव्हती.

अण्णा स्वयंपाक शिकले. भाकरी त्यांना यायची नाही आणि मला चालणारही नव्हती. ते वरण शिजवायचे, त्यात भात आणि घरमालकिणीनं दिलेली भाजी घालायचे, आणि पातेलं घेऊन खाली जायचे. घरमालकीण मिक्सर लावून द्यायच्या. मग ते सगळं फडक्यातून गाळायचं. एवढं करून जे यायचं ते राखाडी रंगाचं असायचं आणि रोज त्याची चव एकच. मी ते प्यायचे, पुन्हा ब्रश, पुन्हा पिचकारी, पुन्हा वही. खोलीतून क्लास, क्लासमधून खोली. क्लासच्या मागं एक नळ होता. दोन तासांच्या मधे दहा मिनिटं मिळायची. बाकीच्या पोरी चिवडा खायच्या, मी भिंतीकडं तोंड करून दात साफ करायचे. त्या घड्याळातून सुटका नव्हती. झोप लागली तरी स्वप्नात मी दात मोजत असायचे.

भौतिकशास्त्राच्या नव्या सरांना माझं काही माहीत नव्हतं. त्यांच्या तासाला मी पहिल्यांदाच गेले होते. त्यांनी फळ्यावर गणित घातलं आणि मला उभं केलं.

"हं, उत्तर?"

उत्तर मला येत होतं. मी पाटी शोधायला खाली वाकले.

"खाली काय बघतेस? इकडं बघ. येत नाही म्हण ना सरळ. तोंडाला कुलूप लावलंय का?"

काही पोरं हसली. मी सरांकडं बघितलं आणि दोन्ही ओठ मागं केले. ट्यूबलाइटच्या उजेडात तारा चमकल्या असणार, कारण पुढच्या बाकावरची पोरगी "अगं बाई!" म्हणाली. सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. मी पाटीवर उत्तर लिहून वर धरलं. बरोबर होतं.

"बस बाई, बस," सर म्हणाले. पुढचा अर्धा तास ते फळ्याकडंच तोंड करून शिकवत राहिले.

संध्याकाळी मी हे अण्णांना सांगितलं नाही. काहीच सांगत नव्हते मी. पाटीवर फक्त "पाणी", "मेण संपलं", "उद्या टेस्ट". पुसलेलं ते एक वाक्य मात्र रोज डोक्यात लिहिलं जायचं. त्याला मी जपून ठेवलं होतं. तोंड उघडलं की पहिलं तेच बोलायचं ठरवलं होतं.

पाचव्या आठवड्यात मला सर्दी झाली. एका दुपारी अभ्यासाला बसले असताना नाक पूर्ण बंद झालं. दातांच्या फटीतून जेवढी हवा येईल तेवढीच. मी घाबरले, आणि घाबरल्यावर हवा जास्त लागते. मी उभी राहिले, भिंतीला धरलं. नाकातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अण्णा स्टोव्हपाशी होते. त्यांनी पातेलं टाकलं आणि पकड हातात घेतली. एका हातानं माझा ओठ वर केला. पकडीचं थंड टोक दाताला लागलं.

"कापू का? बाई, कापू का?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि मान हलवली. एकच आठवडा राहिला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची माझी ताकद नव्हती.

"मग हळू श्वास घे. माझ्याकडं बघ. माझ्याबरोबर. एक... दोन..."

त्यांनी उकळतं पाणी घमेल्यात ओतलं, माझ्या डोक्यावर चादर टाकली आणि स्वतःही चादरीत आले. वाफेत आम्ही दोघं कपाळाला कपाळ लावून बसलो होतो. पकड त्यांच्या मुठीत तशीच होती. ते मोजत होते, मी श्वास घेत होते. दोनशेच्या पुढं कधीतरी एक नाकपुडी सुटली. चादर काढली तेव्हा अण्णांचा चेहरा ओला होता. वाफेनं म्हणायचं तर म्हणता येईल.

सहा आठवडे संपल्यावर आम्ही नांदेडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तारा एकेक करून कापल्या. शेवटची तार निघाली आणि मी तोंड उघडायला गेले, तर ते उघडेना. एक बोट जेमतेम जाईल एवढंच. जबड्याचे स्नायू आखडून गेले होते. रोज थोडं थोडं ताणावं लागेल, त्या म्हणाल्या. त्या एका बोटाच्या फटीतून त्यांनी माझ्या दातांची आतली बाजू साफ केली. जिथं सहा आठवडे ब्रश पोचला नव्हता तिथून थर कडक होऊन झालेल्या कीटणाच्या खपल्या निघाल्या, करड्या, कडक, ट्रेमध्ये पडताना टक्क आवाज करणाऱ्या. बाहेरची बाजू बघून मात्र त्यांनी अण्णांना बोलावलं. "मास्तर, बघा. तारा काढल्यावर इतके स्वच्छ दात मी क्वचित बघितलेत. पोरीनं जपलं."

"तिनंच केलं," अण्णा म्हणाले. "मी नुसती बॅटरी धरली."

परतीची एस.टी. अहमदपूरच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबली. अण्णांनी मला कॅन्टीनमधून चहा आणून दिला. बशीत ओतून, नळीशिवाय. पहिला घोट ओठांच्या कोपऱ्यातून सांडला. मी बशी खाली ठेवली. इतके आठवडे धरून ठेवलेलं वाक्य बोलायची वेळ झाली होती.

"तुम्ही भाहेर का झोपला होता?"

जीभ वळत नव्हती. शब्द लाळेत भिजून आले. त्यांना कळलं नसेल असं मला वाटलं, आणि क्षणभर बरंही वाटलं. पण त्यांनी हातातला कप बाकावर ठेवला.

"उकडत होतं," ते म्हणाले.

मी वाट बघितली.

"तुझ्या आईला म्हणलो होतो, तू बी बाहेर ये. तिनं वाकळ उचलली बी होती. मग तुझ्याकडं बघितलं. म्हणली, पोरगी अभ्यासानं दमून आलीया, आत्ताशी डोळा लागलाय, उठवू नगा. तिला एकटीला आत कशी सोडू." समोर उदगीरच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता. "मी तुला उठवायला पायजे होतं. उठवून बाजेवर आणून टाकायला पायजे होतं. बायको म्हणली म्हणून ऐकलं. हे तुला कधीच सांगणार न्हवतो मी. तू इचारलं म्हणून."

मला ओरडायचं होतं. तोंड एक बोटभरच उघडलं. त्यातून जो आवाज आला तो ऐकून कॅन्टीनमधली माणसं बाहेर आली. अण्णांनी माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं आणि मी आईसाठी रडले, पहिल्यांदा, नाक भरेपर्यंत, आणि नाक भरल्यावर तोंडानं श्वास घेत. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" अण्णा म्हणाले, "काही न्हाई. दात दुखतोय तिचा."

तेवढ्यानं मी मोकळी झाले, असं म्हणणं खोटं ठरेल. आधी मी त्यांच्यावर चिडून होते, तिथं निदान दुसरं माणूस होतं. आता मी माझ्याच झोपेत अडकले. पुढं कितीतरी वर्षं मला दमून झोप लागली की दचकून जाग यायची. अण्णा आणि मी त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या दिवसानंतर खोलीत थोडं थोडं बोलणं सुरू झालं. आज भाजी काय, टेस्टमध्ये किती, जबडा किती उघडला. आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या ते गोळा करून आणायचे. त्या एकावर एक दातांत धरून तोंड ताणायचं असतं. तीन काड्या, पाच, आठ. "आज नऊ!" म्हणून ते घरमालकिणीला सांगून यायचे.

परीक्षा दिली. मेडिकलला लागतात तेवढे मार्क पडले नाहीत. अण्णा म्हणाले, अजून एक वर्ष बस, पुन्हा दे. मी म्हटलं, त्या खोलीत एक दिवसही नाही. बाकी काहीही सांगा. मी नांदेडला नर्सिंगला गेले. त्यांनी अडवलं नाही. ते गावी गेले, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या शाळेत पुन्हा रुजू झाले.

माझी पहिली नेमणूक किनवटकडच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहावर झाली. शंभरावर मुली, चोहीकडं सागाचं जंगल, आवारात लांबलचक सिमेंटचा हौद आणि त्याला नळ. मुली बोटानं राखुंडी घासायच्या, दोन चुळा भरायच्या आणि पळायच्या. पहिल्याच तपासणीत अर्ध्याअधिक मुलींच्या हिरड्या सुजलेल्या निघाल्या. मी ब्रश मागवले. सकाळी हौदापाशी त्यांची रांग लावून मधोमध उभी राहायचे आणि ओरडायचे, "तिरपा! हिरडीच्या रेघेवर! बारीक हलवा! दहा झाल्याशिवाय पुढं जायचं नाही!" रात्री झोपताना पुन्हा तेच, कारण झोपेत लाळ कमी होते आणि थर जास्त बसतो. पहिल्या आठवड्यात रक्त बघून चार मुली रडत आल्या. मी त्यांना सांगितलं, घासणं थांबवू नका, थांबेल. थांबलं.

एके सकाळी सातवीतली एक मुलगी ब्रश तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं निरखून बघत होती.

"सिस्टर, तुमचं तोंड वाकडं का उघडतं?"

डाव्या बाजूचा सांधा आजही नीट सरकत नाही. एवढ्या वर्षांत कुणी असं थेट विचारलं नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, मी हौदाच्या कठड्यावर बसले आणि सांगायला लागले. माळवदाचं घर, माती, तारा, पकड, लातूरची खोली, क्लासचे सर. आईनं मला का उठवलं नाही, तेही सांगितलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होते. बोलता बोलता वीस-पंचवीस मुली भोवती जमल्या. ब्रश कुणी काढला नाही, तोंडात फेस तसाच. प्रार्थनेची घंटा झाली तरी हलल्या नाहीत.

माझं सांगून संपलं. मग त्या मुलीनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं,

"मग बारावी पास झालात का?"

"झाले की."

"हाव, मग ठीक हाय," ती म्हणाली आणि प्रार्थनेला पळाली.